निकेलच्या तारा अर्ध्याच छिद्रांत भरतात, त्याबद्दल

ॲल्युमिनाच्या साच्यात (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सूक्ष्म छिद्रांचा थर, ज्याच्या छिद्रांत विजेने निकेल जमवून तारा करतात) तारा अर्ध्याच छिद्रांत भरतात म्हणून तुम्ही व्होल्टेज वाढवलंत, गडबड तिथेच झाली. साच्यावरचा विभव (विद्युत दाब) फार ऋण गेला की हायड्रोजन सुटतो आणि ५०-६० नॅनोमीटरच्या छिद्रात बुडबुडा बूच मारून बसतो. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या (विभव मोजायच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे १ व्होल्टच्या आसपास राहा. त्याआधी साचा द्रावणात बुडवून व्हॅक्यूममध्ये ठेवा, आतली हवा निघू दे.

द्रावण नेहमीचंच: लिटरला निकेल सल्फेट ३०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५, बोरिक आम्ल ४५. बोरिकमध्ये काटकसर नको, नाहीतर छिद्रात पीएच चढून हिरवट हायड्रॉक्साइड बसतं.

करंटच्या आलेखावर नजर ठेवा. बराच वेळ सपाट असलेली रेघ अचानक चढू लागली की तारा तोंडाशी आल्या. तिथेच थांबा, नाहीतर तारांच्या टोकांवर निकेलच्या टोप्या वाढतात आणि त्या जोडून सलग पत्रा होतो.

ॲल्युमिनियमच्या प्लेटवर साचा स्वतः करत असाल (ऑक्झॅलिक आम्ल ०.३ मोलर, ४० व्होल्ट) तर ठाण्याच्या मे महिन्यात बर्फाच्या टबाशिवाय बसूच नका, प्लेट करपते.

सेन्सरसाठी तारा मोकळ्या हव्या असतील तर साचा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, पण तारा वाळताना एकमेकींना चिकटतात. डेटा साठवायच्या प्रयोगाला साचा राहू द्या.