कारखान्यातला डिजिटल वापर मोजायचा कसा? प्रश्नावलीसाठी मदत हवी

शिरोली_मशीनशॉप:
नमस्कार मंडळी. आमच्या फाउंड्री (धातूचं ओतकाम) आणि मशीनशॉपवाल्यांच्या संघटनेने सभासदांचं सर्वेक्षण करायचं ठरवलंय. डिजिटल साधनं कोण किती वापरतं आणि त्यातून फायदा काय झाला, हे बघायचंय. प्रश्नावली माझ्याकडे आलीय. पहिला मसुदा असा: कॉम्प्युटर आहे का, वेबसाइट आहे का, यूपीआय घेता का, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे का, फायदा झाला का. सगळे हो-हो लिहितील आणि हाती काहीच लागणार नाही, असं वाटतंय. कुणी असं काम केलंय का?

रोजमेळ:
दादा, तुमची शंका रास्त आहे. मी फाउंड्र्यांचं कॉस्टिंग करते. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात चांगलं महागाचं ईआरपी आहे. पण भट्टीशेजारी हीटची, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूची, नोंद वहीतच होते: पिग (कच्चं लोखंड) किती, सीआरसी (पत्र्याचं भंगार) किती, रिटर्न (आपलंच परत वितळवायचं लोखंड) किती, टॅपिंगचं, म्हणजे रस भट्टीतून काढतानाचं, तापमान किती. महिनाअखेरीला ऑफिसातला मुलगा ती वही बघून सगळं कॉम्प्युटरवर चढवतो. ब्लोहोलचे (आत हवेची पोकळी राहिलेले) जॉब कुठल्या हीटचे हे कळेपर्यंत माल गिऱ्हाइकाकडून परत आलेला असतो. तुमच्या मसुद्याप्रमाणे हा कारखाना शंभर टक्के डिजिटल!

म्हणून 'आहे का' विचारू नका, एकेक काम धरा. हीटची नोंद कोण करतं, कशावर करतं, त्याच पाळीत की नंतर? जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) गेलेल्या मालाचं आणि उधारीचंही असंच विचारा.

युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) 12 डिजिटल तंत्रांची यादी लावतं, त्यातली किमान 4 वापरणारा उद्योग डिजिटल वापराच्या 'पायाभूत' पातळीला पोचला असं धरतं. पण ते 10 किंवा जास्त माणसांच्या उद्योगांनाच विचारतात, आपली निम्मी मशीनशॉप त्यात बसायची नाहीत. आपल्याकडच्या असंघटित उद्योगांच्या सरकारी सर्वेक्षणात धंद्यासाठी इंटरनेट वापरणाऱ्यांचं प्रमाण 2022-23 मध्ये 21.1 टक्के होतं, 2023-24 मध्ये 26.7 झालं. वाढ चांगली आहे, पण त्या इंटरनेटने कुणाचं कुठलं काम सुधारलं हे त्या टक्क्यावरून समजत नाही.

सक्तीचं आणि स्वखुशीचं वेगळ्या रकान्यात घ्या. 5 कोटींवर उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस (जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) 1 ऑगस्ट 2023 पासून करावंच लागतं. त्यावरून मालकाचा कल कळत नाही.

फायद्याबद्दल मत विचारू नका, आकडे घ्या. रिजेक्शन (नापास होणारा माल), उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस आणि वितळवलेल्या टनामागे वीज. विजेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा, कारण बिल बाहेरून येतं. आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष शेजारी ठेवा. शिवाय ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांचेही आकडे हवेतच. नाहीतर ऑर्डरी वाढल्यामुळे झालेली सुधारणा सॉफ्टवेअरच्या खात्यावर जमा होईल. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत हेच केलं होतं. काहींना व्यवस्थापनाचा सविस्तर सल्ला दिला, काहींची नुसती तपासणी केली आणि मग तुलना केली. सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात 17 टक्क्यांनी वाढली. तिथला विषय व्यवस्थापनाचा होता, पण मोजायची रीत आपल्याला उचलता येईल.

सीएनसी_वाली:
ताईंशी सहमत. दोन गोष्टी घाला. आमच्यासारख्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, ड्रॉइंग तिथेच येतं आणि पहिल्या जॉबचा फोटोही तिथूनच जातो. त्याला रकाना ठेवा. दुसरं, गिऱ्हाईक कंपनीच्या पोर्टलवर मालाची माहिती चढवायला आणि बारकोड लावायला माणूस आमचा बसतो, सोय त्यांची होते. खर्च कुणाचा आणि फायदा कुणाला, हेही विचारा. आणि सॉफ्टवेअर घेऊन बंद केलेल्यांना वगळू नका.

शिरोली_मशीनशॉप:
मनापासून आभार. पण रिजेक्शनचा खरा टक्का कोण सांगणार? शेजारीच स्पर्धक आहे.

रोजमेळ:
टक्का मागूच नका. आधीचं रिजेक्शन 100 धरलं तर आता किती, एवढंच लिहायला सांगा. आणि नोंदींचे प्रश्न मालकाच्या केबिनमध्ये भरून घेऊ नका, भट्टीवरच्या सुपरवायझरला विचारा. तो वही काढून दाखवेल.