कॉलनीतलं पडीक उद्यान पुन्हा उभं करायचंय, पावसाच्या आधी काय काय उरकून घ्यावं?

इंदिरानगरची_ताई
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर छोटं उद्यान आहे, बरीच वर्षं तसंच पडून. झोके गंजलेत, सगळीकडे कमरेएवढं वाळलेलं गाजर गवत, नळ कोरडा. पण कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे आणि दोन बहावे, कुणी थेंबभर पाणी घालत नाही तरी आत्ता मे मध्ये नुसते पिवळेधमक झालेत. आम्ही वीसेक जण दर रविवारी श्रमदानाला तयार आहोत. काहीजण म्हणतात पहिल्याच पावसात शंभर झाडं लावून टाकू, नर्सरीवाला कोनोकार्पस स्वस्तात देतोय, झटपट वाढतं म्हणे. जमीन काळी आहे. आईला संध्याकाळी बसायला इथे दुसरी जागाच नाही हो, म्हणून हे नीट व्हावं असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ
ताई आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला कॉलनीच्या सह्यांचं पत्र द्या आणि पोच घ्या, जागा त्यांची आहे. कडुनिंबाच्या फांद्या खाली आल्या असतील तरी कुणाला कुऱ्हाड लावू देऊ नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्यात फांद्या तोडणंही येतं, आधी परवानगी लागते. बुंध्याला पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटचा ओटा चिकटवला असेल तर तो मात्र परवानगी काढून फोडाच, मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही.
गाजर गवताचं म्हणाल तर वाळलेल्याचं बी मातीत पडलेलंच आहे. पहिल्या पावसानंतर बारीक रोपांचा गालिचा उठेल, तेव्हा जमीन ओली असते, मुळासकट सहज येतं. फुलावर यायच्या आत उपटा. हातमोजे आणि मास्क पाहिजेच, खूप जणांना अंगावर पुरळ येतं, दमा असलेल्यांना त्या कामाला लावू नका.

रानवाट
कोनोकार्पस हे परदेशी झाड, ते नको म्हणजे नकोच! गुजरातने २०२३ मध्ये लावायला बंदी घातली त्याला. आणि शंभरचा आकडा डोक्यातून काढा प्लीज, छोट्या उद्यानात पंचवीस-तीस झाडं पुष्कळ झाली, जेवढ्यांना पुढचे तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावा, आपल्याकडे झाडं लावायला गर्दी होते आणि एप्रिलमध्ये बादली घेऊन यायला कुणी नसतं, रोपं तिथेच जळतात.
खड्डे आत्ताच काढा, दोन बाय दोन बाय दोन फूट, ऊन खाऊ दे. काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबतं आणि कोवळी मुळं कुजतात, म्हणून भरताना माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, वर थोडा उंचवटा ठेवा. दोन चांगले पाऊस झाले की लावा. पिशवी पूर्ण काढायची, खाली गोल गुंडाळलेली मुळं कापायची. ताम्हण, कांचन, बकुळ, करंज, आपटा घ्या, आईंच्या बाकाजवळ बकुळ लावा. आपल्या नाशिकच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई एकदा सगळ्यांना दाखवून आणा, लोकांनी देशी झाडं कशी वाढवलीत ते तिथे समजतं.

इंदिरानगरची_ताई
खूप आभार दोघांचे, शंभरवाल्यांना आज हेच वाचून दाखवते. पण पाण्याचं काय करू? नळ आला तरी दिवसाआड तासभर येईल.

द्राक्षवाला_दिंडोरी
ताई, मग टाकी ठेवा आणि ड्रिप करा. नवीन घ्यायची गरज नाही, द्राक्षबागा काढल्या की आमच्याकडे जुन्या लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या, पडून असतात. त्यांचे ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकतं ती तोंडं, क्षारांनी बंद झालेले असतात, ते बदला आणि टाकीच्या तोंडाला फिल्टर लावा. टाकी थोडी उंचावर ठेवली की एवढ्याशा जागेला मोटरशिवाय चालतं. पहिल्या वर्षी आळ्यात काडीकचरा चांगला चार बोटं जाड टाका, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, त्यात बारीक मुळं तुटतात, आच्छादन असलं की भेगा कमी पडतात. आमच्याकडे एप्रिल छाटणीच्या काड्यांचा भुगा ढिगाने आहे. छोटा हत्ती टेम्पो घेऊन या, लॅटरल आणि भुगा एकाच फेरीत जाईल, पैसे नकोत. फक्त जूनच्या आत या, नंतर शेतात गाडी रुतते.