अंडी न उबवणारा निकोबारी पक्षी

अंदमानातल्या नारकोंडम बेटावरच्या धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याबद्दलची एक छान पोस्ट वाचली. जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या त्या बेटाबाहेर तो कुठेच नाही, हे वाचून पोटात गोळाच येतो.

त्यात निकोबारच्या मेगापोडची भर घालते. कोंबडीएवढा हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत पायांनी वाळू, माती, पालापाचोळा ओढून मोठा ढीग रचतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी सोपवतो. पिल्लू स्वतःच उकरत बाहेर येतं आणि आईबापांशिवाय चालू लागतं! २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे कित्येक ढीग वाहून गेले. त्यातून सावरतोय तोवर २०२१ मध्ये ग्रेट निकोबार बेटावरच्या गॅलाथिया खाडीचा अभयारण्याचा दर्जा काढला, बंदरासाठी. मला हे अजिबात पटलेलं नाही. बदल्यात चिमुकल्या मेंचाल बेटावर मेगापोड अभयारण्य दिलंय; पण गॅलाथियाचे पक्षी तिकडे कसे जाणार?