जुन्या अमेरिकन विजेच्या शेगडीतील ‘विहीर’ : सर्वांत मंद आचेवरही मटकी करपते

देवळालीची सून

नमस्कार. आमच्या देवळाली कॅम्पातील घरात माझ्या चुलत सासऱ्यांनी अमेरिकेतून परतताना जहाजाने आणलेली एक जुनी विजेची शेगडी आहे. खाली ओव्हन, वर तीन कॉइल आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात चौथ्या कॉइलच्या जागी एक खोल गोल कोठा आहे, ज्यात ॲल्युमिनियमचे उंच भांडे काठापर्यंत उतरते आणि वर फक्त झाकण दिसते. त्याला डीप वेल कुकर म्हणतात असे समजले. घरात मात्र सगळे त्याला ‘विहीर’च म्हणतात. कित्येक वर्षे त्या शेगडीवर पापडांचे डबे ठेवलेले होते. यंदा पावसाळ्यानंतर ती पुन्हा सुरू करावी असे मनात आले.

मागच्या पट्टीवर ‘११८/२३६ व्होल्ट, ६० सायकल’ असे कोरलेले आहे आणि तारा जोडण्यासाठी तीन स्क्रू आहेत. आमच्या वायरमनने डाव्या स्क्रूला फेज दिला आणि मधला व उजवा एकत्र करून दोन्हींना न्यूट्रल दिला. बटण दाबताच ओव्हनमधला दिवा फटकन गेला आणि घड्याळातून जळका वास येऊ लागला. ओव्हन व कॉइल मात्र उत्तम तापतात. खरी अडचण विहिरीची आहे. तिच्या स्विचवर आचेच्या पाच खुणा आहेत, पण चौथीवर दुसरीइतकीच आच लागते आणि पाचवीवर तिसरीइतकी. पाचव्या, म्हणजे सर्वांत मंद, खुणेवर ठेवलेली मोड आलेली मटकी तासाभरात तळाला लागली. स्विच बिघडला असावा का? शिवाय भांड्याच्या आतला काळा थर कॉस्टिक सोड्याने काढावा का, आणि कोठ्याभोवती कागदाच्या लगद्यासारखा जो पांढरट थर सुटत आहे तो खरवडून नवा भरावा का, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नाशिकरोडचा वाचक

ताई, स्विच बिघडलेला नाही. अमेरिकन शेगडीला दोन गरम (म्हणजे विजेचा दाब असलेल्या) तारा आणि एक न्यूट्रल लागतो. आपल्याकडे थ्री फेज मीटर असल्यास दोन बाजूंना दोन वेगळे फेज आणि मधल्या स्क्रूला न्यूट्रल द्यावा, म्हणजे सर्व सुरळीत होईल.

सातपूरचा वाइंडिंगवाला

वरच्या उत्तरातील पहिले वाक्य बरोबर आहे, परंतु उपाय कृपया मुळीच करू नये. आपल्याकडे दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ही शेगडी २३६ व्होल्टची आहे. दाब १.७ पट झाला की कॉइलची उष्णता जवळजवळ तिप्पट होते, त्यामुळे कॉइल फार काळ टिकणार नाही. अमेरिकेतील घरात येणाऱ्या दोन गरम तारा म्हणजे दोन फेज नव्हेत. त्या एकाच ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची (तारेच्या गुंडाळीची) दोन टोके असतात आणि न्यूट्रल त्या वाइंडिंगच्या बरोबर मध्यातून काढलेला असतो. टोकापासून टोकापर्यंत पूर्ण दाब आणि मध्यापासून कोणत्याही टोकापर्यंत निम्मा, अशी ती सोय आहे.

ताई, आपण खुणांचे निरीक्षण इतके नेमके नोंदवले आहे की स्विच उघडण्याचीही गरज वाटत नाही. विहिरीच्या कॉइलमध्ये दोन वेगळ्या तारा असतात आणि पाच खुणांचा स्विच त्या निरनिराळ्या प्रकारे जोडतो. पहिल्या खुणेवर दोन्ही तारा पूर्ण दाबावर समांतर असतात, दुसरीवर एकच तार पूर्ण दाबावर, तिसरीवर दोन्ही एकामागे एक, चौथीवर एकच तार पण निम्म्या दाबावर आणि पाचवीवर दोन्ही एकामागे एक, पुन्हा निम्म्या दाबावर. दोन्ही तारा सारख्या धरल्या आणि पहिली खूण १२०० वॅटची मानली, तर पुढच्या खुणा ६००, ३००, १५० आणि ७५ वॅटच्या होतात. आपल्या वायरमनने मधला व उजवा स्क्रू एकत्र केल्याने निम्मा दाब उरलाच नाही. म्हणून चौथी खूण दुसरीसारखी व पाचवी तिसरीसारखी वागते, आणि ७५ वॅटवर शिजायची मटकी ३०० वॅटवर शिजते. दिवा व घड्याळ याच कारणाने गेले, कारण ते दोन्ही ११८ व्होल्टचे होते.

उपाय असा, की २३० व्होल्टचा आणि बरोबर मध्यात टॅप (म्हणजे वाइंडिंगमधून बाहेर काढलेली तार) काढलेला ऑटो ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर, बनवून घ्यावा. त्याची दोन टोके बाजूच्या दोन स्क्रूंना आणि मधला टॅप मधल्या स्क्रूला जोडावा. मोठ्या आचेचा भार थेट लाइनवर पडतो, ट्रान्सफॉर्मरवर फक्त निम्म्या दाबाचा भार येतो; त्यामुळे शेगडीच्या दर्शनी भागावर प्लगची जागा असल्यास ती (तीही निम्म्या दाबावरच असते) कायमची बंद करून दीड-दोन केव्हीएचा पुरतो. २३६ ऐवजी २३० व्होल्ट मिळाल्याने आच सुमारे पाच टक्के कमी पडेल, ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. घड्याळ मात्र सोडून द्यावे. त्याची मोटर दुरुस्त झाली तरी ६० सायकलचे (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेवर चालणारे) घड्याळ आपल्या ५० सायकलवर तासाला दहा मिनिटे मागे पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. या जुन्या शेगड्यांत मधल्या स्क्रूपासून पत्र्याच्या अंगापर्यंत एक तांब्याची पट्टी बसवलेली असते, कारण तिकडे त्या काळी न्यूट्रलच अर्थिंगचे काम करीत असे. ट्रान्सफॉर्मर जोडण्यापूर्वी ती पट्टी काढलीच पाहिजे. न काढल्यास मधल्या टॅपवरचे ११५ व्होल्ट शेगडीच्या अंगावर येतील. अंगाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. कॉइलच्या नळीत जी पांढरी पूड असते ती मॅग्नेशियम ऑक्साइडची असून वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ओल धरते, म्हणून आरसीसीबी वारंवार पडू लागल्यास लगेच कॉइल टाकून देऊ नये. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावे आणि एक मेगओहमपेक्षा कमी आल्यास कॉइल सोडवून, कोरड्या उष्णतेत वाळवून पुन्हा मोजावे. आमच्याकडे ओल्या मोटरचे वाइंडिंगही असेच वाळवतात.

पांढरट थराला हात लावू नये. त्या काळच्या शेगड्यांत ॲस्बेस्टॉसचा कागद व दोरी सर्रास वापरीत, आणि खरवडल्यास त्याचे तंतू श्वासात जातात. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, म्हणून ॲस्बेस्टॉस समजूनच वागावे. थर जागेवर घट्ट असेल तर तसाच राहू द्यावा. सुटत असलेला भाग मात्र घरी न काढता या कामाची माहिती असलेल्याकडूनच काढून घ्यावा.

पंचवटीची आजी

सूनबाई, विजेचे मला फारसे कळत नाही, पण स्वयंपाकाचे सांगू शकते. मुलाकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा त्याच्या भाड्याच्या जुन्या घरात फ्रिजिडेअरची अशीच शेगडी होती आणि तिथे या कोठ्याला ‘थर्मायझर’ म्हणत. जनरल इलेक्ट्रिकच्या शेगडीवर ‘थ्रिफ्ट कुकर’ असे नाव असे. १९३० ते १९५० च्या दशकांतला हा प्रकार आहे. कोठ्याच्या भिंती चहूबाजूंनी उष्णता धरून ठेवतात, म्हणून एकदा आतले उकळले की अगदी थोडी वीज पुरते.

प्रथम मोठ्या आचेवर झाकणाच्या कडेने वाफ येऊ द्यावी आणि मग लगेच शेवटच्या खुणेवर आणावे. वारंवार झाकण उघडू नये. पाणी आटत नाही, त्यामुळे नेहमीपेक्षा कमी घालावे. पहिल्या दिवशी माझ्या चवळीचे सारच झाले होते. भिजवलेले हरभरे, मसूर, हाडांचे सूप यांना ही आच फार मानवते. राजमा मात्र आधी किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा, कारण नुसत्या मंद आचेवर त्यातील विषारी द्रव्य जात नाही. भांडे ॲल्युमिनियमचे असल्याने चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी, शक्यतो बाहेर काढल्यावर घालावे.

कॉस्टिक सोडा चुकूनही लावू नका, तो ॲल्युमिनियमच खातो. लिंबाच्या साली घालून पाणी उकळावे, काळेपणा बराचसा निघतो. भांडे पोचून बूड फुगले असेल तर भांडी बाजारात दाखवून सरळ करून घ्यावे, कारण बूड कॉइलला सपाट टेकले नाही तर शिजायला दुप्पट वेळ लागतो. कोणी त्याऐवजी कल्हईचे पितळी भांडे सुचवतील. ते चालते, पण कोरडे तापवले तर २३२ अंशांना कथील वितळते आणि कल्हई तळाला गोळा होते.

देवळालीची सून

सर्वांचे आभार. काल मीटर बंद करून मागचा पत्रा उघडला. मधल्या स्क्रूपासून अंगापर्यंत बोटभर रुंदीची हिरवी पडलेली तांब्याची पट्टी खरोखरच आहे. वायरमनना बोलावून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पट्टी आता काढली आहे, पांढऱ्या थराला हात लावलेला नाही. सातपूरच्या दादांनी मध्य टॅपच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तारेची जाडी आणि कोअरचे माप कळवल्यास याच आठवड्यात बनवायला टाकते. आजी, बूड मध्यभागी करंगळीच्या पेराएवढे वर उचललेले आहे. शनिवारी भांडे घेऊन भांडी बाजारात जाईन.