अडचणीच्या जागी कार्बन फायबर + टायटॅनियमला भोक पाडायचं छोटं मशीन, फीड (ड्रिल पुढे सरकवणं) कसा द्यावा?

धायरीकर_मेक:
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. विमानाच्या पंखाच्या आत बसेल असं छोटं ऑटोमॅटिक ड्रिल. वर ८ मिमी कार्बन फायबर, खाली ५ मिमी टायटॅनियम, दोन्हीतून एकदमच ६.३५ मिमीचं भोक. मागे जेमतेम ९० मिमी जागा, स्टेपर मोटर आणि बॉलस्क्रू (ड्रिल पुढे ढकलणारा स्क्रू) काही केल्या बसेना. सर म्हणतात फीड हातानेच दे. काय करू?

भोसरी_टूलरूम:
हाताने नको रे बाबा. टायटॅनियममध्ये फीड जरा अडखळला की टूल नुसतं घासत बसतं, आणि हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही त्यामुळे सगळी गरमी टोकावर, धार गेलीच समज. बॉलस्क्रू काढ. स्पिंडललाच (ड्रिल धरून फिरणाऱ्या दांड्याला) बाहेरून आटे आणि लांब खाच दे, एक गियर खाचेतून स्पिंडल फिरवतो, दुसरा नट बनून आट्यांवर फिरतो, दोघांच्या वेगात किंचित फरक ठेवायचा, तेवढाच स्पिंडल पुढे सरकतो. फेऱ्यामागे फीड पक्का. मोटर काटकोनात बाजूला.

चाकण_सीएनसी:
+१, पण आरपीएमचं (मिनिटाला फेऱ्या) बघ. टायटॅनियमला धारेचा वेग मिनिटाला १५ मीटर धरला तर ६.३५ ला ७५० येतात, कार्बनला ८० मीटर धरला तर ४,०००. म्हणजे सर्वो मोटर (वेग हवा तसा बदलता येणारी) लागणार, करंट वाढला की थर बदलला असं ओळखून वेग खाली आणायचा.
खरी डोकेदुखी चिपची (कापून निघणाऱ्या सालीची). टायटॅनियमच्या लांब चिप्स वर येताना कार्बनचं भोक खरवडून मोठं करतात. म्हणून फीडवर बारीक पुढे-मागे हेलकावा देतात, नागमोडी कॅम (उंचसखल कडेची चकती) बसवून. दोन धारांच्या ड्रिलला फेऱ्यामागे २ किंवा ४ हेलकावे ठेवलेस तर दोन्ही धारा एकाच लाटेवरून जातात आणि चिप तुटतच नाही, दीड ठेव.

धायरीकर_मेक:
भारीच! आणि मशीन धरून ठेवायला मॅग्नेट चालेल का?

भोसरी_टूलरूम:
कशाला चिकटणार तो, कार्बनला की टायटॅनियमला? जिग प्लेटच्या (भोकांच्या जागा ठरवणाऱ्या पाटीच्या) बुशमध्ये म्हणजे नळीत मशीनचं नाक घालून फिरवून लॉक कर, किंवा शेजारच्या पाडलेल्या भोकात फुगणारा कॉलेट (आतून फुगून घट्ट पकडणारी नळी). आणि नाकातूनच व्हॅक्यूम ओढ, कार्बनची धूळ वीज वाहते, मोटरमध्ये गेली की शॉर्ट. सरांना गियरचं स्केच काढून दाखव आधी.