जागतिक विषमतेचे सिद्धांत: सुरुवात कुठून करू? (एम.ए., कोल्हापूर)

रंकाळा_कट्टा: विद्यापीठात राज्यशास्त्राला आहे. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात उदारमतवाद, वास्तववाद, अवलंबित्व, सगळ्यांची पाच वैशिष्ट्यं नि पाच टीका. पाठ होतंय, डोक्यात शिरत नाही. काय वाचू?

शिरोळचा_ऊसवाला: नोट्स ठेव बाजूला भावा, साखरेचा खटला घे. २०१९ ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारतावर तक्रार केली. अडचण आपल्या एफआरपीची, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायच्या, सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराची. म्हणे उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो. आपलं म्हणणं, पैसे कारखाना देतो, सरकार खरेदीच करत नाही, मग आधार कसला? डिसेंबर २०२१ ला निकाल विरोधात गेला. मग आपण अपिलात गेलो, तर अपील ऐकणारं मंडळच २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प! अमेरिकेनं नेमणुका अडवल्यात.

आता सिद्धांत लाव. उदारमतवादी म्हणणार, ज्या देशाला जे तुलनेनं स्वस्तात जमतं ते त्याच्याकडून घ्या; अर्थतज्ज्ञ रिकार्डोनं १८१७ ला कापड आणि वाइन घेऊन तेच मांडलं. वास्तववादी म्हणणार, नियम नाही, ताकद चालते, आणि नुसतं त्या बंद मंडळाकडं बोट दाखवणार. पंचाईत होते ती अवलंबित्ववाल्याची. त्याच्या मते श्रीमंत देश केंद्रात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले गरीब देश परिघावर मागेच राहतात. या नकाशात भारत परिघावर, आणि तक्रार करणारे ब्राझील, ग्वाटेमालाही परिघावरच. पेपरात हे लिहिलंस तर तपासणारा जागा होईल.

करवीर_मास्तरीण: खटला झकास, पण त्यातून व्यापार कळेल, विषमता नाही. आधी दादाभाई नौरोजींचं १९०१ चं ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ वाच. इंग्रजी जुनं आहे, पण देशाबाहेर किती पैसा जातो याचा हिशेब ते आकड्यांनिशी मांडतात. मग अर्थतज्ज्ञ प्रेबिश, १९४९: कच्चा माल विकणाऱ्याला तीच यंत्रं घ्यायला दिवसेंदिवस जास्त माल द्यावा लागतो. शेवटी विषमतेचे अभ्यासक मिलानोविच. १९८८ ते २००८ मध्ये आशियातला मध्यमवर्ग आणि जगातले सगळ्यात श्रीमंत १ टक्का लोक यांचं उत्पन्न वाढलं, श्रीमंत देशांतल्या खालच्या मध्यमवर्गाचं जवळपास तिथंच राहिलं. यातला चीन जुन्या अवलंबित्ववाद्यांच्या चौकटीत बसत नाही, हे माझं मत.

शिरोळचा_ऊसवाला: बाई, चीननं आयात मोकळी सोडून प्रगती केली नाही, तेव्हा उदारमतवाद्यांनीही उड्या मारू नयेत.

करवीर_मास्तरीण: मान्य.

रंकाळा_कट्टा: दादा, खटल्याचा निकाल कुठं मिळेल?

शिरोळचा_ऊसवाला: व्यापार संघटनेच्या संकेतस्थळावर, खटल्यांचे क्रमांक डीएस ५७९, ५८० आणि ५८१. ५७९ ब्राझीलचा, तो घे. सगळा वाचत बसू नकोस, निष्कर्ष आणि एफआरपीचा भाग बघ.