जुन्या लोखंडी तिजोरीचा निर्माता आणि कुलूप कसे ओळखावे?

प्रश्न:
आजोबांकडून आलेल्या तिजोरीच्या दारावरील पितळी पाटीवर रंगाचे इतके थर चढले आहेत की सिंह आणि एकशिंगी घोडा असलेली राजमुद्रा तेवढी ओळखू येते. मूळ किल्ली चपट्या पात्याची असून पात्यावर सहा असमान पायऱ्या आहेत. गेल्या आठवड्यात घरातील दुसरीच एक किल्ली फिरवून पाहिली आणि तेव्हापासून मूळ किल्लीनेही कुलूप उघडेनासे झाले आहे. कुलूप मोडले असेल का?

उत्तर १:
राजमुद्रेवरून निर्माता ठरवू नये, कारण ती मिरवण्याची हौस अनेक कारखानदारांना होती. रंग पात्याने खरवडू नका; अक्षरे उथळ असतील तर ती रंगाबरोबरच जातील. नाव ‘चब’ (कुलुपे आणि तिजोऱ्या बनवणारी इंग्लिश पेढी) निघाले तर पुढचे शब्दही नीट वाचावेत, कारण ती पेढी १८८२ मध्ये मर्यादित कंपनी झाली आणि ‘लिमिटेड’ असलेली पाटी त्यापूर्वीची असू शकत नाही. दारावरचा क्रमांक आणि कुलपावरचा क्रमांक वेगवेगळे टिपून ठेवावेत.

उत्तर २:
कुलूप बहुधा मोडलेले नाही, रुसले आहे. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या ‘डिटेक्टर’ कुलपात परक्या किल्लीने एखादी लिव्हर (किल्लीने उचलली जाणारी आतील पट्टी) गरजेपेक्षा जास्त उचलली की एक खिटी तिला वरच अडकवून ठेवते आणि त्यानंतर खरी किल्लीही दाद देत नाही. मूळ रचनेत ते सोडवायला वेगळी किल्ली लागे. १८२४ च्या सुधारणेनंतर खरी किल्ली उलट दिशेने, म्हणजे कुलूप लावताना फिरवतो तशी, फिरवली की खिटी सुटते. जोर मात्र करू नका. ब्रामा या दुसऱ्या इंग्लिश कुलूपकाराचे कुलूप असते तर किल्ली नळीसारखी आणि टोकाला खाचा असलेली दिसली असती, त्यामुळे ती शक्यता सोडून द्यावी. तरीही एवढ्यावरून ‘चब’ म्हणणे घाईचे ठरेल. एकस्वाची मुदत संपल्यावर ही कल्पना इतरांनीही उचलली.

प्रश्नकर्ता:
किल्ली उलटी फिरवताच आत हलकासा ‘टक्’ आवाज झाला आणि पुढच्याच फेऱ्यात दांडे मागे सरकले. दाराच्या आतील बाजूस कुलपाच्या पेटीवर ‘चब’ आणि पाच आकडी क्रमांक कोरलेला आहे. बाहेरच्या पाटीवरील नाव मात्र ‘म’सारख्या उच्चाराने सुरू होते आहे.

उत्तर १:
मग कुलूप एकाचे आणि तिजोरी दुसऱ्याची असू शकते, किंवा कुलूप नंतर बदललेले असेल. पेटीच्या स्क्रूंभोवती जुनी, बुजवलेली छिद्रे आहेत का, ते आधी पाहा.